साखर तंग बांधू देईना

एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेल्यामुळे हट्टी माणसांची मला सवय आहे. हट्टी घोडीची नव्हती. शिरपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून हिलालचं घर, आणि त्याच्या अंगणात, म्हणजे माझ्या खिडकीखाली, त्याची साखर. वरातीची पांढरी घोडी. तिचं कौतुक हिलालच्या वाट्याला आणि माश्या माझ्या. यावरून आमचं दर उन्हाळ्यात एकदा तरी वाजतंच.

हिलालने तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलं तेव्हा ती शिंगरू होती. पोरी सासरी गेल्या तेव्हा हा गडी रडला नाही, पण साखरच्या खुरात खिळा घुसला तेव्हा दोन दिवस जेवला नाही, हे त्याची बायको शेवंताबाई अजून चारचौघांत सांगते. साज चढवायचा त्यांचा एक रिवाज होता. आधी खोगीर, मग तंग. तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. तो ओढला की साखर मुद्दाम पोट फुगवायची. हिलाल थांबायचा, तिच्याशी घरातल्या चार गोष्टी बोलायचा. तिने श्वास सोडला की हळूच आणखी आवळायचा. मग झूल, घुंगरं, कपाळावर मोत्यांची जाळी. सगळं होईपर्यंत ती मान खाली घालून उभी.

यंदाच्या लग्नसराईत हे सगळं बिनसलं. तंग हातात दिसला की साखर कान मागे टाकायची, दावं ताणायची, पुढे पुढे तर दात दाखवू लागली. एकदा तिने हिलालच्या दंडाचा असा चावा घेतला की सदरा फाटून आत निळं पडलं. गुरांचे डॉक्टर आले, तोंड पाहिलं, पाय पाहिले, पाठ दाबून पाहिली. पोटाखाली मात्र तिने कुणाला हात घालू दिला नाही. पोटदुखी असेल म्हणून त्यांनी औषध दिलं, ते निम्मं हिलालच्या अंगावर सांडलं.

हिलालचं निदान आधीच झालं होतं. धुळ्याला देवपुरात एका वरातीत साखर अशी काही नाचली होती की नवरदेवाला सोडून लोक हिचेच फोटो काढत होते. तिथेच दृष्ट लागली, असं त्याचं ठाम मत. "इतला लोकेसनी नजर शे नाना, उतरी थोडीच राहिनी?" तो मला म्हणाला. त्याने उपायही केला होता. देवपुराहून आल्या आल्या दाभणाने बिब्ब्याला भोक पाडून तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि कुणाला दिसू नये म्हणून तंगाच्या आतल्या गादीत शिवून टाकला. साखरचा राग वाढला, तसा त्याने शेजारी दुसरा शिवला. मी म्हटलं, एक लागू पडला नाही तर दुसरा कशाला? म्हणाला, तुम्हाला कळत नाही. तेही खरंच, मला घोड्यातलं काही कळत नाही.

मग पुढची वरात आली. बँडवाले वाजवून थकले, नवरदेव शेरवानीत घामाघूम, आणि साखर मागच्या पायांवर उभी. शेवटी नवरदेव मामाच्या जीपवर बसून गेला. अशी बातमी गावात फिरली की दुसरं बोलावणं येत नाही. जी घोडी काम करत नाही तिला पोसायला हिलालकडे शेती नव्हती. जीवराम व्यापारी आला, म्हणाला, सोमवारी टेम्पो आणतो, साजासकट नेतो. कुठे नेणार, हे विचारल्यावर तो वीटभट्टीच्या गाड्यांविषयी काहीतरी पुटपुटला. हिलालने नुसती मान हलवली. त्या आठवड्यात मी माश्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

साज द्यायचा तर स्वच्छ द्यावा म्हणून रविवारी शेवंताबाई तंग मांडीवर घेऊन बसली. गादीची शिवण उसवली होती, ती तिने गादीवर हात टेकवून टाके घालत नीट केली. सोमवारी सकाळी जीवरामचा टेम्पो दारात लागला आणि शेवंताबाई घरातून उजवा हात पुढे धरून आली. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, वर पाण्याचे फोड.

"बिब्बा उतना शे," ती म्हणाली. "मना हात एक घडी लागना तं हाई गत. तिना पोटले तं तू आवळी आवळी बांधस."

बिब्बा हाताळताना हाताला तेल लावावं लागतं हे हिलालला चांगलं ठाऊक होतं, शिवताना त्याने लावलंही होतं. कापडाच्या दोन पदरांत बिब्बा आहे म्हणजे कातडीला लागणार नाही, एवढाच हिशेब. घामाने आणि दाबाने बिब्ब्याचं कातडी जाळणारं तेल पाझरेल, हे डोक्यात आलं नाही. तो साखरपाशी गेला, जमिनीवर बसला आणि रिकाम्या हाताने तिच्या पोटाखालचे केस बाजूला केले. तंग हातात नव्हता, म्हणून तिने करू दिलं. आत वीतभर कातडी सोललेली, लस गळत होती. हिलाल जीवरामकडे न बघता म्हणाला, "टेम्पो लई जाय भो. घोडी जावाव नही."

जीवराम कुरकुरला. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की चहात साखर दुप्पट पडली तरी कळलं नाही.

लग्नसराई संपत आली, तरी हिलालने तिच्या पाठीवर काही ठेवलं नाही. रोज खोबरेल तेल लावायचं आणि बसायचं. कातडी धरली, केस आले. गादी नवी केली, आत फक्त कापूस. मग मोहल्ल्यातल्याच एका लग्नासाठी त्याने खोगीर बाहेर काढलं. बाकीचे आम्ही लांब उभे. तंग दिसताच साखरने कान मागे टाकले. हिलालने तो तिच्या नाकासमोर धरला. तिने हुंगला, बराच वेळ हुंगला. त्याने पट्टा पोटाखालून घेतला, ओढला, आणि साखरने पोट फुगवलं.

एरवी तो इथे घरातल्या गोष्टी सांगायचा. आज त्याचा हात पट्ट्यावरच राहिला आणि कपाळ तिच्या मानेला टेकलं.

"तू तं रोज सांगी राहिनी व्हती माय," तो म्हणाला. "माले समजनं नही."

साखरने श्वास सोडला.