संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाही

अख्ख्या अलिबाग तालुक्यात स्वतःच्या स्मरणशक्तीवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस एकच, आणि तोच नेमका आमच्या थळचा डॉक्टर. पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवून ते समोरच्या वाचनालयात पळत यायचे, जाडजूड वैद्यकीय ग्रंथात बघायचे आणि मगच औषध लिहायचे. साधं पडसं असलं तरी. "आठवतंय म्हणजे खरं असतंच असं नाही, बाई," हे वर ऐकवायचे.

ती बाई म्हणजे मी. तेव्हा वय तेवीस, हातात वाचनालयाचा शिक्का, आणि तोरा असा की जिल्हाधिकारी जणू माझ्याकडेच रजेचा अर्ज देतात. डॉक्टर ग्रंथाचं निमित्त करून मलाच बघायला येतात अशीही माझी खात्री. म्हणून रोज मोगऱ्याचा गजरा माळून जायचे. गजऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "यानं शिंका येतात का तुम्हाला?"

एकदा ते ग्रंथ दवाखान्यात न्यायला निघाले. मी आडवी आले. "संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाही."

"बरं. पेशंट आत आणता येतो?"

मी नियमावली उलटीपालटी केली. पेशंटविषयी अवाक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांच्या टेबलावर माणसं आडवी होऊ लागली. पोटदुखीनं कण्हणाऱ्या कोळणीला मी 'शांतता राखा' ही पाटी दाखवली, तर म्हणते, "मना वाचाया येत न्हाय, बाय. कन्हू दे." एका म्हाताऱ्यानं ग्रंथातली चित्रं बघितली आणि स्वतःचा खोकला नाकारून शेजारच्या पानावरचा आजार मागितला.

गेल्या महिन्यात उठलं की मला चक्कर यायला लागली. नातवाच्या मोबाइलनं क्षणात सात आजार सांगितले, त्यातले चार जीवघेणे. भेदरून डॉक्टरांकडे गेले. आता ते ऐंशीपार, नजर अधू. मला आडवं करून, मग उभं करून रक्तदाब घेतला. आकडे मीच वाचले. उभी राहिले की दाब घसरत होता. तरी काठी टेकत मला वाचनालयात घेऊन गेले. ग्रंथ पुढे सरकवून म्हणाले, "मला दिसत नाही. तुम्ही वाचा."

मी वाचू लागले. जित्याची खोड, त्यांची परीक्षा घ्यायला एक ओळ मुद्दाम गाळली.

"मधली एक राहिली," डोळे मिटूनच ते म्हणाले, आणि ती अख्खी म्हणून दाखवली. "तुमची दाबाची गोळी जास्त होतेय. ती लिहून देणाऱ्या अलिबागच्या डॉक्टरांना सांगून कमी करून घ्या. मरत नाही तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला. "सगळं पाठ होतं, तर इतकी वर्षं यायचात कशाला?"

"आठवतंय म्हणजे..." वाक्य अर्धं सोडून त्यांनी चाचपडत ग्रंथ मिटला. म्हणाले, "आज मोगऱ्याचा वास नाही आला."

मी पिकल्या अंबाड्यावरून हात फिरवला आणि ग्रंथ जागेवर ठेवला.