पण पडला नाही

भात कापून मोकळ्या झालेल्या निडी गावच्या शेतात तट्टांची शर्यत होती. मी बातमीसाठी पंचांच्या शेजारी बसलो होतो. नियम एकच होता: पडेल तो बाद.

धाटावच्या कंपनीत कामाला असलेला एक सहा फुटी गृहस्थ कमरेएवढ्या तट्टावर बसला होता. पाय जमिनीला घासू नयेत म्हणून त्याने गुडघे पोटाशी घेतले होते. आधीच्या तिन्ही वर्षी तो पडला होता.

“अवो, यंदा तरी पडू नका! माझ्या माहेरची माणसं आलीत!” बांधावरून त्याची बायको ओरडली.

तो सगळ्यांच्या पुढे होता. रेषा दहा पावलांवर असताना त्याचा तोल गेला आणि त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकले. तट्टू त्याच्या पायांमधून निघून गेलं आणि एकटंच पहिलं आलं.

“बाद!” पंच म्हणाले.

“बाद कसा? पडलो काय मी? ह्यो बघा, उभा हाय!”

पंचांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यात थोडा वेळ गेला. मग निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे त्यांनी ‘बाद’ लिहिलं.

त्याने माझं पेन मागून घेतलं, शेजारी ‘पण पडला नाही’ असं लिहिलं आणि कागद सासऱ्यांना वाचायला नेऊन दिला.