दहा पैसे टाका, विठाबाईशी बोला

गुलाब ओव्हाळला भंगारातले टेलिफोन आणून दुरुस्त करायचा नाद होता. गावात कुणाला दारूचा नाद, कुणाला पत्त्यांचा, कुणाला नुसता निवडणुकीला उभं राहून पडायचा. त्या मानानं हा नाद निरुपद्रवी होता. तरी गावानं येडा ठरवला तो गुलाबलाच. मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी, शांतलिंग, आणि गुलाब माझ्या हाताखालचा शिपाई. त्यामुळं हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. दोन ठिकाणी तर मी त्यात तोंड काळं करून घेतलं. तेही सांगतो.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, आडरानात. बहात्तरच्या दुष्काळात गुलाब पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचा. तेव्हा त्याचं वय वीसच्या आसपास. एकदा चार दिवस कामावर मजुरांना खायला वाटायची सुकडी आली नाही. मुकादम बाजारच्या गावी पोस्टात फोन करायला निघाला आणि सोबतीला गुलाबला घेऊन गेला. पोस्टात भिंतीवरचा हँडलचा फोन होता. पोस्टमास्तर घाम येईपर्यंत हँडल फिरवत होते, पण घंटी काही वाजेना.

"साहेब, म्या बघू का?" गुलाब म्हणाला.

"हात लावू नको. सरकारी आहे ते."

मुकादमाच्या पोटात कावळे ओरडत होते. तो म्हणाला, "बघू द्या की मास्तर. बंदच हाय ते, आनखी काय बंद पडनार?"

गुलाबनं मुकादमाच्या चाकूनं पेटी उघडली. आत कुंभारमाशीनं घंटीच्या दोन वाट्यांमधे मातीचं ऐसपैस घर बांधलं होतं. गुलाबनं ते खिळ्यानं उकरून काढलं, तारांची टोकं धोतरानं पुसली आणि हँडल फिरवलं. घंटी अशी खणखणली की पोस्टमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. सुकडी त्यानंतरही दोन दिवस आली नाही, ते सोडा. पण गुलाबला जे लागायचं होतं ते लागलं.

पुढं पंचाहत्तर साली तो सोसायटीत शिपाई म्हणून लागला. खताच्या पोत्यांची ट्रक आणायला त्याला सोलापूरला पाठवायचो. एकदा ट्रक आली, गुलाब आला आणि गुलाबच्या मांडीवर एक लोखंडी धूड आलं. पैसे टाकून बोलायचा फोन! सोलापूरच्या भंगार बाजारात तो वजनावर मिळाला होता. रिसीव्हर फुटलेला, डबा गंजलेला आणि नाणं टाकायच्या फटीत कुणीतरी विडीचं थोटूक कोंबलेलं.

त्याची बायको मुक्ताबाई दारातच उभी होती. तिनं त्याला घासलेटचा स्टो आणायला सांगितला होता.

"ह्यावर भाकरी कशी भाजायची?" तिनं विचारलं.

"ह्यावर बोलायचं असतंय."

"तुमच्याशी बोलायला मला यंत्र कशाला पायजे? तोंडावर बोलते की."

आणि ती तोंडावर बोलली. अर्धा तास.

गुलाबनं तो फोन तीन महिने खोलला. गंज काढायला त्यानं चिंचेचं पाणी वापरलं, रंगाला सोसायटीच्या दरवाजाचा उरलेला काळा रंग. तो कसा उरला हे मी विचारलं नाही. तुटलेली स्प्रिंग त्यानं छत्रीच्या काडीपासून वळवून केली. मग त्याला दुसरा फोन लागला, कारण पहिल्याला बोलायला कुणीतरी नको का? मग सुट्या भागांसाठी तिसरा. मग चौथा नुसताच, देखणा होता म्हणून. ब्याऐंशीपर्यंत त्याच्या दोन खणांच्या घरात सात फोन झाले. बाबासाहेबांच्या फोटोखालची भिंत तेवढी मुक्ताबाईनं मोकळी ठेवायला लावली. बाकी जिकडं बघावं तिकडं फोन.

मुक्ताबाईची बहीण विठाबाई त्याच गल्लीत दिली होती, सहा घरं पलीकडं. गुलाबनं कुंपणाची तार ओढून तिच्या घरी एक हँडलचा फोन बसवला आणि आपल्या घरी तो पैशाचा. दोन्हीकडं टॉर्चचे सेल. हँडल फिरवलं की पलीकडं घंटी. गंमत अशी की पैशाच्या फोनची जुनी चाल त्यानं तशीच ठेवली होती. दहा पैशांचं नाणं न टाकता पलीकडचं ऐकू यायचं, पण तुमचा आवाज जायचा नाही. मी म्हटलं, "अरे, आवाज अडवणारी ती पट्टी काढून टाक की." तो म्हणाला, "अप्पा, मग तो पैशाचा फोन कसा ऱ्हाईल?"

आठ दिवसांत गावात बातमी झाली. ज्यानं जन्मात फोन बघितला नव्हता तो माणूस दहा पैसे घेऊन गुलाबच्या दारात उभा. बोलायचं कुणाशी? विठाबाईशी. दुसरं कुणी पलीकडं नव्हतंच. जी बाई रोज पाणंदीत भेटायची तिला लोक पैसे टाकून "काय चाललंय?" म्हणून विचारायचे. विठाबाईही खमकी. "चुलीवर आमटी हाय, लवकर बोला," म्हणायची. वरच्या आळीतली माणसंही यायला लागली. गुलाबच्या घरचं पाणी त्यातल्या एकानं कधी पिलं नव्हतं. पण रिसीव्हर तोंडाला लावताना कुणाला काही आठवायचं नाही. मी लिंगायत, मीही त्यातलाच. माझी थुंकीही त्या रिसीव्हरवर आहे.

आता पहिलं तोंड काळं. शहाऐंशीचा दुष्काळ. विहिरी तळाला, गावात एक दिवसाआड टँकर. सोसायटीचे चेअरमन आबाराव पाटील. निवडणूक दोन महिन्यांवर. गावात टेलिफोन आणीन, असं ते मागच्या वेळेला बोलून बसले होते आणि टेलिफोन काही आला नव्हता. त्यांनी मला आणि गुलाबला बोलावलं.

"गुलाब, तुझा एक चांगला काळा फोन सोसायटीत बसव. उस्मानाबादहून जिल्हा बँकेचे मोठे संचालक येणार आहेत. नारळ फोडतील, दोन शब्द बोलतील, संपलं."

"बोलतील कुनाशी, पाटील?"

"उस्मानाबादशी."

"तार तर माझ्या घरापतुरच जाईल."

"म्हणून तर शांतलिंग तुझ्या घरी बसंल. तो म्हणंल, मी उस्मानाबाद."

गुलाबनं माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं बघितलं. नोकरी होती हो.

"फोन बसवतो," गुलाब म्हणाला. "आवाज सोच्छ येईल, ह्याची ग्यारंटी. पलीकडं कोन हाय ह्याची ग्यारंटी माझी न्हाय."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव, हार, भोंगा. सगळ्या गावाला उस्मानाबादचा आवाज ऐकू जावा म्हणून आबारावांनी रिसीव्हरला माईक बांधायला लावला. डोकं त्यांचंच. मी गुलाबच्या घरी पैशाच्या फोनसमोर पाट टाकून बसलो. शेजारी मुक्ताबाई ज्वारी निवडत होती. घंटी वाजली. मी रिसीव्हर उचलला. संचालकांचा आवाज आला, "हॅलो, उस्मानाबाद का?"

मी घसा खाकरून म्हणालो, "हो साहेब, उस्मानाबाद बोलतोय. अभिनंदन!"

"हॅलो? हॅलो?"

मी ओरडलो. शिरा ताणून ओरडलो. मग डोक्यात उजेड पडला. दहा पैसे! खिसे चाचपले. एक किल्ली, एक तपकिरीची डबी. तिकडं साहेब "हॅलो हॅलो" करतायत आणि बाहेरच्या भोंग्यातून ते हॅलो मला दुसऱ्या कानानंही ऐकू येतंय.

"मुक्ताबाई, दहा पैसे! लवकर!"

तिनं सावकाश कमरेची चंची सोडली, नाणं काढलं, उठली आणि स्वतःच फटीत टाकलं. मग माझ्यापुढं हात केला.

"द्या हिकडं. पैसा माझा हाय."

आणि रिसीव्हर घेऊन बोलायला लागली, "हॅलो. हितं उस्मानाबाद बिस्मानाबाद काय न्हाय. मी गुलाबची मंडळी बोलते. आमच्या गल्लीत बारा दिस झालं टँकर न्हाय. तो पाटलाच्या हिरीत रिकामा व्हतो आन् पाटील त्यावर लिंबूनी जगवतो. तुमी मोठे हायसा म्हनत्यात, तर एवढं बघा. ठिवते."

भोंग्यातून हे सगळ्या शिवाराला ऐकू गेलं. टाळ्या गुलाबच्या घरापर्यंत आल्या. संचालक मुरलेला माणूस. त्यांनी बंद फोनमधे "उद्यापासून टँकर येईल!" असं ठणकावून सांगितलं आणि नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी टँकर खरंच आला. चक्क गल्लीत. पुढं सगळा उन्हाळा येत राहिला, कारण आता विषय संचालकांच्या शब्दाचा झाला होता.

गुलाबला मी विचारलं, "त्या दिवशी तरी ती दहा पैशाची पट्टी काढायची होतीस."

"इसरलो," तो म्हणाला. सात फोनांतला प्रत्येक स्क्रू ज्याला तोंडपाठ होता, तो माणूस विसरला म्हणे.

आता दुसरं तोंड काळं, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आबारावांनी मला घरी बोलावून एक निनावी अर्ज सांगितला. सदर इसमाकडं टेलिफोन खात्याची मालमत्ता आहे, त्यानं बेकायदा लाईन टाकली आहे, वगैरे. त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. लिहिताना शुद्धलेखनही तपासलं.

पंधरा दिवसांनी खात्याचा अधिकारी आला, रेवणप्पा नावाचा, सोबत एक हवालदार. गुलाबच्या घरात शिरला आणि दारातच थबकला. भिंतीवर सात फोन, सोसायटीतला आणि विठाबाईकडचाही आणून टांगलेला, सातही चकचकीत. त्यानं चष्मा काढून पुसला. हवालदाराला म्हणाला, "तू चहा पिऊन ये." मग खाली बसला आणि एकेक फोन उघडून बघायला लागला. ती छत्रीच्या काडीची स्प्रिंग त्यानं तीनदा दाबून बघितली. गुलाबनं दिलेलं पाणी गटागटा पिला. दोन तास दोघं अशी भाषा बोलत होते की मुक्ताबाईनं शेवटी स्वयंपाक वाढवला.

जेवण झाल्यावर रेवणप्पानं कागद काढला. "हे बघा, रस्त्यावरची तार काढावीच लागंल. फोन भंगारातून घेतलेत, ते निकामी आहेत असं मी लिहितो. म्हणजे विषय मिटला."

गुलाब ताठ झाला. "निकामी? साहेब, सातीच्या साती चालू हायती."

"ओव्हाळ, चालू लिहिलं तर मला जप्त करावे लागतील."

"पर खोटं का लिवता? वाजवून बघा की."

"अवो, लिवू द्या त्यास्नी!" मुक्ताबाई म्हणाली.

गुलाबनं एकेका फोनवरून हात फिरवला. मग त्यानं पेचकस घेतला आणि सहा फोनांच्या रिसीव्हरमधल्या कानाच्या आणि तोंडाच्या वाट्या एकेक करून सोडवून चटईवर मांडल्या. "आता ह्ये निकामी. लिवा." सातव्याकडं, त्या पैशाच्या फोनकडं, त्याचा हात जाईना. पेचकस लावला, काढला. शेवटी म्हणाला, "ह्यो चालू लिवा. घेऊन जावा. पर ह्याला निकामी म्हनू नका."

रेवणप्पानं पुष्कळ समजावलं. गुलाब ऐकेना. अखेर रेवणप्पानं तो फोन स्वतःच्या उपरण्यात बांधून नेला. जाताना त्यानं गुलाबला अर्ज दाखवला. गुलाबनं तो नीट बघितला. माझं अक्षर तो अकरा वर्षं रोज बघत होता.

"अक्षर चांगलं हाय," एवढंच बोलला आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत त्यानं नेहमीसारखा माझा चहा आणून ठेवला. तो चहा घशाखाली उतरवायला मला सकाळ पुरली नाही. आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. मुक्ताबाईनं तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. म्हणाली, "आदी प्या. मग बोला." मी पिलो. त्या घरातलं पहिलं पाणी.

निवडणूक आबारावांनीच जिंकली, हेही सांगून टाकतो. खरा फोन गावात आला एकोणनव्वदला.

त्याच साली रेवणप्पानं गुलाबला निरोप धाडला. खात्यात रोजंदारीवर दुरुस्तीला माणूस पाहिजे होता. गुलाबनं आनंदानं रजा टाकली आणि नवा शर्ट शिवून गेला. तिथं त्याला कळलं की आता कुणी दुरुस्ती करत नाही. बिघडलेला फोन काढायचा, नवा बसवायचा, जुना कोपऱ्यात फेकायचा. तो रोज त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. अकराव्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत आला. नवा शर्ट ग्रीसनं बरबटलेला आणि पोत्यात चार फोन.

मुक्ताबाईनं पोतं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मग पदर खोचून ज्वारीची कणगी एका बाजूनं ढकलायला लागली.

"बघत काय बसलाव?" ती म्हणाली. "दुसऱ्या अंगानं लावा की हात."