‘झालं’ म्हणायचं राहिलं

आमचा तुकोजी फौजेतून निवृत्त होऊन आला तो कुत्र्यांचं वेड घेऊनच. तिथं वीस वर्षं त्यानं फौजेची कुत्रीच शिकवली, आणि इथं ग्वाल्हेरला कंपूत घर घेतल्यावर लोकांची कुत्री शिकवायला लागला. लग्नबिग्न काही केलं नाही. मी त्याची थोरली बहीण, शांता. माझ्याकडे भाऊबीजेला यायचा तोही पँटभर केस घेऊन. मी ओरडले की म्हणायचा, "अक्का, झटकलं की जातात गं."

त्याची एक खोड होती. शिकवायचं ते मराठीतच. ग्वाल्हेरात जो तो कुत्र्याला "आ जा", "बैठ", "चल" म्हणतो. ऐऱ्यागैऱ्याच्या हाकेवर कुत्रं निघून गेलं तर? म्हणून याच्याकडे ‘टेक’ म्हणजे बसायचं, ‘थांब’ म्हणजे जागचं हलायचं नाही आणि ‘झालं’ म्हणजे सुटलास. आधी ‘बस’ होतं. पण ताटात पोळी पडली की पाहुणे "बस, बस, और नहीं" म्हणायचे आणि कोपऱ्यातलं कुत्रं दर ‘बस’ला बूड टेकायचं! मग तो शब्द बदलला. वर एक नियम. ज्यानं ‘थांब’ म्हटलं त्यानंच ‘झालं’ म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर उठायचं नाही, खुद्द तुकोजीनं म्हटलं तरी नाही.

माझा मुलगा उत्कर्ष आणि सून रुचिका इथंच हरिशंकरपुरममध्ये राहायची. त्यांनी एक पिल्लू पाळलं. रंग अगदी गजकेचा, त्या तीळगुळाच्या मिठाईचा, म्हणून नाव गजक. वर्षाचा झाला तेव्हा उत्कर्ष मामाकडे गेला. "मामा, ह्याला फिरायला न्यायचंय आमच्यासोबत, ओरछाला. गाडीत, ढाब्यावर, गर्दीत नीट राहायला हवा."

तुकोजीला काय आनंद झाला! भाच्याचं कुत्रं! तीन महिने रोज सकाळी तो गजकला घेऊन निघायचा. पडाव चौकाच्या गर्दीत रिक्षांच्या भोंग्यांची सवय केली. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी बसवून पोरांना पाठीवरून हात फिरवू दिला. आधी गजक नुसता थरथरायचा. मग शेपूट हलवायला लागला. कचोरीच्या दुकानात बाकाखाली पडून राहायला शिकला. आणि रविवारी उत्कर्षला बोलवायचं, कारण शब्द त्याच्याच तोंडून जायला हवेत. आमचं लेकरू अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलणारं. तुकोजी त्याला दटावायचा, "‘रुक’ नाही रे, थांब! ‘हो गया’ नाही, झालं!" मला हसू यायचं. कुत्र्याच्या निमित्तानं पोरगं मराठी शिकतंय म्हणून मी खूश होते. वेडी मी.

एकदा उत्कर्षनं विचारलं, "मामा, हा किती वेळ थांबू शकतो?" तुकोजीची छाती फुगली. म्हणाला, "तू म्हणशील तितका." पाच मिनिटांवरून त्यानं गजकला तासावर आणलं.

शनिवारी ते तिघं आपल्या पांढऱ्या गाडीतून निघाले. रविवारी दोघंच परत आले. रुचिकाचे डोळे सुजलेले. उत्कर्ष म्हणाला, "ओरछात पट्टा तोडून भागला, मामा. खूप शोधला." तुकोजी एवढंच बोलला, "तो पळणारा नाही." सोमवारी स्वतः ओरछाला गेला आणि फोटो दाखवत दिवसभर बाजार पालथा घातला. हात हलवत परतला, ते शिकवण्यात आपलंच काही चुकलं म्हणत.

मंगळवारी सकाळी मी त्याच्याकडे होते, तेव्हा फोन आला. तुकोजीनं गजकच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला आपला नंबर शिवला होता. दतियाच्या पुढचा ढाबेवाला बोलत होता. "बाबूजी, आपका कुत्ता तीन दिन से यहीं बैठा है. सफेद गाड़ीवाले बिठाकर गए, बोले अभी आते हैं."

ओरछा तिथून अजून तासभर पुढे. म्हणजे ओरछात पळाला ही थापच होती. आणि सोमवारी तुकोजी याच रस्त्यानं दोनदा गेला होता.

मीही सोबत गेले. कडुलिंबाखाली गजक बसलेला, बरगड्या दिसत होत्या. पाणी प्यायला उठतो आणि परत तिथंच जाऊन बसतो, असं ढाबेवाला सांगत होता. तुकोजीला बघून त्याचं सगळं अंग हललं, त्यानं हात चाटले, कण्हला. पण झाड सोडेना. "झालं, गजक, झालं रे," तुकोजी म्हणाला. गजक रस्त्याकडे बघत बसून राहिला. नियमाला पक्का!

तुकोजीनं उत्कर्षला फोन लावला, आवाज मोठा केला. "गजकपाशी आहे मी. तुझा शब्द हवाय."

पलीकडून भडाभडा सुरू. रुचिकाची बदली हैदराबादला, तिथल्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. मी मध्येच ओरडले, "अरे मेल्या, मामाच्या दारात बांधला असतास!"

"मामा नाराज झाले असते, आई. हिंमत नहीं हुई."

तुकोजी शांतपणे म्हणाला, "ते राहू दे. आधी त्याला सोडव."

फोन गजकच्या कानाशी धरला. त्यानं कान टवकारले.

"गजक... छूट... मामा, वो कौनसा शब्द था?"

तुकोजीनं फोन बंद केला. इतकी वर्षं ओळखते मी माझ्या भावाला. आईच्या वेळीही तो असा रडला नव्हता. मग त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं ते पंचवीस किलोचं जनावर उचललं आणि गाडीत घातलं. दतिया येईपर्यंत गजक मागच्या काचेतून बाहेर बघत होता.

आता तो तुकोजीकडेच असतो. तुकोजी अजून कुत्री शिकवतो, पण ‘थांब’ शिकवत नाही. सांगतो, माणसांचा भरवसा नाही.

भाऊबीजेला यंदा मीच कंपूत गेले. ओवाळत होते तेवढ्यात फाटक वाजलं. हैदराबादहून उत्कर्ष आला होता, हातात मिठाईचा डबा. "मामा, माफ करा," म्हणत पायरीपर्यंत आला. गजक त्याला बघून उठला, शेपूट हलवायला लागला.

पाटावरून न उठता तुकोजी म्हणाला, "थांब."

उत्कर्ष पायरीवरच उभा राहिला. मी आई आहे त्याची. पण ‘झालं’ म्हणायचा हक्क माझा नव्हता. मी निरांजन फिरवत राहिले.