दोनदा स्पेसबार दाबणारे सर

डोणगावातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे सर दोन शब्दांच्या मध्ये स्पेसबार एकदा नाही, दोनदा दाबत. का म्हणून विचारलं की म्हणत, "शब्दायले जरा हवा लागू दे ना." त्यांनी टाइप केलेली पत्रिका लांबूनच ओळखू यायची.

पायथन शिकवायला लागले की सर थांबायचं नाव घेत नसत. पण मुलगी पाहायला गेले की मुके! पोहे संपवायचे आणि मान खाली घालून परत यायचं. पस्तिशी आली, तसा वडिलांचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनीच दटावून बौद्ध वधू-वर मेळाव्यात सरांचं नाव घातलं. पडद्यावर परिचय दाखवायचा प्रोग्रॅमही आयोजकांनी सरांकडूनच करून घेतला; फुकटात, हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्रॅम पूर्ण नाव घेई आणि स्पेस दिसेल तिथं तोडून तीन रकाने भरी: नाव, वडील, आडनाव. बाकीची नावं आयोजकांनी टाइप केली, स्वतःचं तेवढं सरांनी. झालं! पडद्यावर सर आले ते वडिलांचा रकाना कोरा, आडनावाच्या जागी वडील आणि आडनाव गायब. निवेदिकेनं दिसलं तसं वाचलं, "वडिलांचं नाव... नाही."

पहिल्या रांगेतून म्हातारबा उठले. "काऊन नाही? बाप इथं बसला हाये ना बे!"

अख्खा मंडप हसत सुटला. आम्ही क्लासची मुलं मागच्या रांगेत बसलो होतो; मला वाटलं, बुडालं सरांचं लग्न.

पुढचा नंबर उंद्रीच्या एका शिक्षिकेचा होता. तिनं माईक घेतला आणि स्वतःचा परिचय राहू देऊन सरांनाच विचारलं की हे झालं कसं.

सर बोलले. "मी त्याले स्पेसवर तोड म्हटलं. मंग दोन स्पेसच्या मधात काही नसलं, तरी ते त्या रिकाम्या जागेले एक शब्द धरते. स्पेसचं नाव न घेता नुसतं तोड म्हटलं असतं, तर कितीबी स्पेस असो, गुमान एकच धरली असती."

"म्हणजे जास्तीचं सांगितलं म्हणून बिघडलं?"

"हाव," सर म्हणाले आणि पहिल्यांदाच एका मुलीकडे बघून हसले. आयोजकांनी माईक काढून घेतला, तर दोघं चहाच्या टेबलापाशी बोलत बसले.

लग्नानंतर सर उंद्रीला गेले. क्लासला कुलूप लागलं तेव्हा मी खूप रडले. आता नोकरीत काही अडलं की त्यांना फोन लावते. बहुतेकदा वहिनीच उचलतात. परवा म्हणाल्या, "थांब बाई, हे सकाळपासून एकटेच बोलून राह्यले. आधी माझं एक वाक्य होऊ दे."

मी थांबले. मागून सरांचा आवाज येतच होता, आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं.