दळणाचा डबा

त्या वर्षी आमच्या खोलीत येणारी प्रत्येक बाई मला माझं वय सांगून जायची. "अगं, तरुण आहेस अजून. होईल पुन्हा." जसं काही माझं वय मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवायची, चहा टाकायची आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहायची. मग कुणीतरी गॅस बंद करायचं.

मुलगी झाली होती. रडली नाही. प्रसूतिगृहातल्या नर्सबाई मला म्हणाल्या, "तू नको बघूस, त्रास होईल," आणि तिला पडद्याच्या पलीकडे घेऊन गेल्या. पंख्याने पडदा जरासा हलला तेव्हा मला सासूबाई पाठमोऱ्या दिसल्या. त्यांच्या हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तेवढंच मी पाहिलं. नंतर नवरा आणि सासरे तिला घेऊन गेले, ते दुपारी आंघोळ करून परत आले. कुठे नेलं हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हणजे तिला हातात घेतलेलं माणूस माझ्या घरात होतं, रात्री माझ्यापासून हातभर अंतरावर झोपत होतं, आणि 'कशी होती?' एवढं मला सासूबाईंना विचारता येत नव्हतं. त्या मूळच्या मालवणकडच्या, बोलायला फटकळ. लग्न होऊन मी आले तेव्हा माझ्या भाकरीकडे बघून सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ही भाकरी नाय, मुंबयचो नकाशो आसा." अशा बाईला असलं काही कसं विचारायचं?

आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा तर नाहीच. त्यामुळे मी घरी आले तेव्हा लपवून ठेवायलाही घरात काही नव्हतं. खोली जशी होती तशीच होती. ती येऊन गेली याची एकच खूण उरली, ती माझ्या अंगावर. दूध आलं. ते येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती करकचून बांधली, आणि बांधताना माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं. मी बाळंतीण होते की नव्हते, हे मात्र कुणालाच ठरवता येईना. शेवटी सासूबाईंनी ठरवलं की होते. मला आळिवाची खीर मिळाली, डिंकाचे लाडू मिळाले, जेवणानंतर बडीशेप-बाळंतशेप मिळाली. मी सगळं खाल्लं. चव लागत नव्हती, पण खाल्लं. कुणी विष दिलं असतं तरी तितक्याच निमूटपणे खाल्लं असतं.

घर म्हणजे मुलुंडला स्टेशनच्या पूर्वेला चाळीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. सासरे कापडगिरणीत होते आणि त्यांची गिरणी संपात बंद पडलेली, त्यामुळे ते दिवसभर खाटेवर पेपर घेऊन बसलेले. नवरा एका वर्कशॉपमध्ये पाळीवर जायचा, रात्रपाळी असली की दिवसा खोलीत झोपायचा. मग आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो. कुणी वाईट नव्हतं. सगळे माझ्याशी इतके सांभाळून वागत होते की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. एकटं बसायला जागा म्हणाल तर सार्वजनिक संडास, आणि तिथे दुसऱ्या मिनिटाला दार वाजायचं. देवळात गेले तर पुजाऱ्याची बायको पुढ्यात येऊन बसली. तिच्या बहिणीच्या जावेचं दोनदा असंच झालं होतं म्हणे, आणि आता तिला जुळं आहे. मी प्रसाद घेतला आणि पुन्हा त्या देवळात गेले नाही.

सव्वा महिना झाल्यावर एक दिवस सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी गव्हाचा डबा माझ्या हातात दिला. "जा, दळून हाड. आणि थंयच थांब. नायतर दुसऱ्याचा पीठ गळ्यात मारतलो."

पिठाची गिरणी दोन गल्ल्या पलीकडे होती. पत्र्याची शेड, आत पट्ट्यावर फिरणारं जातं, आणि सगळ्यावर पिठाचा थर. भिंतीवर, बल्बवर, वजनकाट्यावर आणि गिरणीवाल्याच्या पापण्यांवरसुद्धा. डबे रांगेत ठेवलेले. गव्हाचे एका बाजूला, ज्वारीचे दुसऱ्या बाजूला, कारण एक धान्य संपल्यावरच दुसरं टाकायचं. आपला नंबर येईपर्यंत आपण डब्यापाशी उभं राहायचं. आणि आवाज! पायाखालची फरशी थरथरेल असा आवाज. तिथे कुणी कुणाशी बोलूच शकत नव्हतं. गिरणीवाला सगळं खुणांनी विचारायचा. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं की बारीक, बोटं जरा लांब धरली की जाड.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने आमच्या चाळीतलीच एक बाई डबा घेऊन आली. मला पाहून तिचा चेहरा लगेच दयाळू झाला आणि तोंड हलायला लागलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. ती अजून थोडं बोलली, मग नाद सोडून आपल्या डब्याकडे बघत उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बरं म्हणजे आनंद नव्हे. दुखऱ्या दातावर जीभ जायची थांबते तेवढंच.

माझं दळण झालं. गिरणीवाल्याने डबा पुढे सरकवला. जात्यातून नुकतं आलेलं पीठ चांगलं ऊन असतं, डबा हाताला चटका देतो. इतर बायका तो पिशवीत घालून न्यायच्या. मी पदराची घडी मध्ये घेतली, डबा पोटाशी धरला आणि घरी निघाले. घर जवळ होतं म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. डबा निवायला लागला तेव्हा कुठे जिना चढले.

मग मला सवयच लागली. डब्यात तळाला पीठ गेलं नाही तोच मी गहू निवडायला बसायची. डबाही लहान घ्यायची, म्हणजे पुन्हा लवकर जाता येईल. "अहो, त्या पिठाला वास येतोय," "अहो, जाड आलंय, पोळी फाटतेय," असं काहीबाही सांगायची. तिथे जाऊन मी काही करत नव्हते. विचार करत होते असंही नाही. डोक्यात नुसती ती घरघर भरून राहायची आणि दुसऱ्या कशाला जागाच उरायची नाही. नंबर आला की कधी कधी मी मागच्या बाईला पुढे जाऊ द्यायची. गिरणीवाला एकदा नुसता बघायचा आणि तिचा डबा उचलायचा.

आमचं घर भात खाणारं. पोळ्या व्हायच्या त्या नवऱ्याच्या डब्यापुरत्या. आता दोन्ही वेळेला ताटात पोळ्याच पोळ्या दिसायला लागल्या. सासरे एकदा ताटाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "भात खंय गेलो? तो पण संपावर?" नवरा म्हणाला, "आई, आपण पोळीभाजी केंद्र काढलंय का गं?" सगळे हसले. मीही तोंड तसं केलं.

पण खाऊन खाऊन किती खाणार? पिठाचे डबे साठत गेले. फळीवर जागा संपली तेव्हा मी एक डबा मोरीच्या कट्ट्याखाली सरकवला. आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी सासूबाईंनी कट्ट्याखालचा डबा उघडला तर पिठात पोरकिडे. त्यांनी तो खाली ठेवला आणि फळीवरचे एकेक करून सगळे काढले.

"गो बाये, एवढ्या पिठाचा काय करतलंस?"

संपामुळे घरात हात आखडता होता आणि मी भात खाणाऱ्या घरात धान्याचं पीठ करून किड्यांना घालत होते. शिव्या खायला मी तयार होते. शिव्यांचं काही नव्हतं. पण आता आपल्याला गिरणीत जायला मिळणार नाही, हे मनात आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं होतं आणि ती भीती होती. घरातली एक गिरणी बंद होतीच. ही दुसरीही बंद झाली तर मी दिवसभर कुठे उभी राहू, हा एकच प्रश्न माझ्यासमोर होता.

सासूबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी गॅलरीत जुनं लुगडं पसरलं, त्यावर पीठ उन्हात घातलं, दुपारी चाळून घेतलं आणि थोडं ठेवून बाकीचं शेजारच्या दोन घरांत वाटून टाकलं. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी माझ्या हातात डबा दिला. आमचा नव्हता. "शेजारणीचा दळण आसा. तिका वेळ नाय. जा." त्यानंतरच्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींची ज्वारी. मग तिसऱ्या कुणाचं तरी भाजणीचं धान्य. होता होता आमच्या मजल्यावरचं सगळं दळण माझ्याकडे आलं. सासूबाई घरोघर सांगून आल्या होत्या, "आमची सून जाताच आसा, तिच्याकडे देवा." मला वाटलं, त्या मला कामाला जुंपताहेत. मला थोडा रागही आला, आणि रागावून मी रोज गिरणीत जात राहिले.

मग गणपती तोंडावर आले आणि चाळ निम्मी रिकामी झाली. कोकणातले सगळे गावाला गेले. संपामुळे आम्ही त्या वर्षी गेलो नाही. दळण द्यायला मजल्यावर कुणी उरलं नव्हतं. आणि शेजारच्या घरातून, माझ्या बाळंतपणाआधी दोनच महिने जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा गावी नेताना निघालेली ती मंडळी, त्यांची ती गडबड, ते बाळाचं रडणं! मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. कान दाबून घेतले तरी ते ऐकू येत होतं. सासूबाई आत आल्या, फळीवरचा डबा काढला, सुतळीने झाकण बांधलं आणि माझ्या हातात दिला.

"जा. दळून हाड."

गिरणीत गर्दी नव्हती. गिरणीवाल्याने सुतळी सोडली, झाकण काढलं आणि थांबला. मग त्याने डबा माझ्याकडे वळवला. आत पीठ होतं. आमचंच, चाळलेलं, बारीक, गव्हाचं पीठ.

मी पिठाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हसेल, किंवा डबा परत देईल. त्याने हात वर केला आणि नेहमीसारखं विचारलं. अंगठा बोटावर घासून, बारीक? मी मान डोलावली. त्याने ते पीठ वरून ओतलं, जात्याचा दगड जरा सैल केला आणि पट्टा चालू केला.

पीठ पुन्हा जात्यातून जाऊन खाली डब्यात पडायला लागलं आणि मी रडायला लागले. आवाज करून रडले, तोंड उघडून, लहान मूल रडतं तशी. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी गप्प हो म्हणालं नाही. गिरणीवाला माझ्याकडे पाठ करून वजनकाटा पुसत राहिला. त्या एवढ्याशा पिठाला दळायला त्याने खूप वेळ घेतला.

घरी आले तेव्हा सासरे खाली कुणाशी तरी बोलत बसले होते आणि नवरा कामावर गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरात पाय पसरून बसल्या होत्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"आई, तुम्ही पीठच दिलं होतंत."

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "दाणो नाय होतो घरात."

माझे डोळे सुजले होते. चेहऱ्यावर पीठ बसून त्याचा लगदा झाला असणार. त्यांनी ते पाहिलं. डबा ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्याभोवती धरून बसल्या. त्या कधीच अशा रिकाम्या बसत नसत. मी खाली त्यांच्या शेजारी बसले, आणि जे इतके महिने जमलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, कशी होती ती?"

त्यांनी डब्याच्या कडेचं पीठ अंगठ्याने पुसलं. मग डब्याकडे बघत म्हणाल्या, "ऊन होतां गो. हातात घेतलंय तेव्हा ऊन होतां."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. डबा पार निवला तेव्हा त्यांनी तो माझ्या मांडीवर दिला आणि भात टाकायला उठल्या.