हळू हाताचा परवाना

तारमास्तरांची बोटं कधी स्थिर नसत. शाळेतल्या टेबलावर, देवळाच्या पायरीवर, अगदी जेवताना पाटाच्या कडेवरही त्यांचं तारेच्या लिपीतलं कट्ट-कडकट्ट चाललेलं असे. तारखात्यातून निवृत्त होऊन ते भोरला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. बिनतारी यंत्रावरून हौसेनं संदेश पाठवण्याचा सरकारी परवाना त्यांच्याकडे होता. मी चित्रकला शिकवायचो. त्यांच्या नादानं मीही परीक्षा दिली आणि परवाना मिळवला.

"हवा सगळ्यांची आहे, म्हणूनच तिथं शिस्त हवी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नदीपलीकडच्या पालीचा शिवराम त्यांच्याकडे शिकायला येई. शेतकरी माणूस. पहिल्या महायुद्धात पलटणीत असताना तोफेच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता. यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं जुळवलं, पण कळ दाबून संदेश पाठवण्याचा परीक्षेत लागणारा वेग त्याला जमेना. दोनदा नापास झाला.

"मास्तर, माजा हात हळू हाय, पन चुकत न्हाई."

"हळू असेल तर परवाना नाही. आणि परवान्याशिवाय कळ दाबायची नाही. शपथ घे."

त्यानं शपथ घेतली.

पुढं पुण्याला हौशी मंडळींची सभा भरली. कमी वेगाची सोपी परीक्षा ठेवून एक खालचा परवाना द्यावा, असा अर्ज सरकारकडे करायचा की नाही, यावर वाद झाला. मास्तर उभे राहिले. "शिडीच्या पायऱ्या कमी केल्यानं माणूस उंच होत नाही," असं काहीसं बोलले. अर्जाविरुद्ध हात वर झाले, त्यांत माझाही होता. अर्ज बारगळला.

त्याच पावसाळ्यात नदीला पूर येऊन पालीची वाट तुटली. शिवरामची लेक सरू माहेरी बाळंतपणाला आली होती. ती अडली. दोन दिवस तिनं काढले, तिसऱ्या दिवशी गेली. ते तिन्ही दिवस मास्तर शाळा सुटली की नेहमीसारखे कानाला यंत्र लावून बसत होते.

पाणी ओसरल्यावर शिवराम आला. ओट्यावर बसून शांतपणे सगळं सांगितलं.

"अरे, मग यंत्रावरून हाक का नाही मारलीस?" मास्तर ओरडले.

"शपथ घातली व्हती न्हवं तुमी."

नंतर मी मास्तरांना म्हणालो, "त्या पुरात डॉक्टर पोचलाही नसता."

"नसेल. पण मी इथं ऐकत बसलो होतो ना!"

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी रिकामी हवा ऐकत बसत. कधी मधेच हात वर करून मला गप्प करत. मला खरखरीपलीकडे काही ऐकू येत नसे. पुण्याच्या मंडळींना त्यांनी पत्रामागून पत्रं धाडली: माझं चुकलं, हळू हातालाही परवाना मिळावा असा अर्ज करा. उत्तर यायच्या आत दुसरी लढाई पेटली. सगळ्यांचे परवाने रद्द झाले, यंत्रं जमा करावी लागली. यंत्र गेलं तरी मास्तर त्या वेळेला त्या खुर्चीत बसतच.

लढाई संपून परवाने पुन्हा मिळू लागले, तेव्हा आम्ही दोघं पालीला गेलो. मास्तरांनी शिवरामचा अर्ज स्वतः लिहून नेला होता. "तुझ्याआधी मी माझा करणार नाही," ते म्हणाले. "वेग मी शिकवतो. कितीही वर्षं लागोत."

शिवरामनं चिखलाचे हात धोतराला पुसले, पण कागद घेतला नाही.

"राग न्हाई मास्तर. पन आता कुनासाठी हाक मारू?"

मास्तरांनी पुन्हा कधी परवाना घेतला नाही. मी मात्र माझा त्याच वर्षी घेतला. त्याबद्दल ते शेवटपर्यंत मला एक शब्दही बोलले नाहीत.